चित्र का अडखळतं?

मंडळी, आजचा विषय पाहून काहीजण म्हणतील, बाई आता संगणक दुरुस्त करायला निघाल्या की काय! तसं नाही. विषय संगणकाचा असला तरी लेख इतिहासाचाच आहे. वर्गात मी मुलांना एक सवय लावायचा प्रयत्न करत असे. काही विचित्र पुढ्यात आलं की लगेच 'दोष कोणाचा?' असं विचारायचं नाही. आधी विचारायचं, 'हे असं कधीपासून आहे?' निम्मी उत्तरं तिथेच सापडतात.

तर प्रश्न असा. घरात दहा-बारा वर्षांचा संगणक आहे. पत्रं लिहिणं, ब्लॉग टंकणं, बँकेची कामं, वर्तमानपत्रं वाचणं हे सगळं तो बिनतक्रार करतो. पण जालावरची एखादी चित्रफीत मोठी आणि स्पष्ट करून पाहायला गेलं की अडखळतो. गायकाचं तोंड उघडंच राहतं आणि तान पुढे निघून जाते. नाचणारीचा वर गेलेला हात एकदम खालीच दिसतो. दुकानात विचारलं की उत्तर ठरलेलं, "काकू, मशीन जुनं झालं, आता बदला."

जुनं झालं म्हणजे नक्की काय झालं? लाकडाला वाळवी लागते, लोखंड गंजतं, माझ्यासारखीचे गुडघे कुरकुरतात. संगणकाची चिप काही रोजच्या वापराने अशी मंद होत नाही. २०१२ साली ती सेकंदाला जितके हिशेब करत होती तितकेच आजही करते. मग तेव्हा चित्रफिती सुरळीत चालत होत्या आणि आज चालत नाहीत, असं का? मी या प्रश्नाच्या मागे लागले त्याला एक घरगुती कारण आहे. ते ओघात येईलच. आधी इतिहास.

ठिपक्यांचा हिशेब

पडद्यावरचं चित्र म्हणजे ठिपक्यांची रांगोळीच. हल्ली ज्याला 'फुल एचडी' म्हणतात त्या चित्रात आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात. एकूण २०,७३,६००. प्रत्येक ठिपक्याचा रंग सांगायला तीन बाइट लागतात असं धरा, आणि सेकंदाला २५ चित्रं दाखवायची आहेत असं धरा. गुणाकार केला की एका सेकंदाला साडेपंधरा कोटी बाइट होतात. जुन्या ६५० एमबीच्या सीडीवर असं चित्र चार-साडेचार सेकंदांपुरतंच मावेल.

प्रत्यक्षात मात्र अशी चित्रफीत पाहायला साधारण ५ एमबीपीएसची जोडणी पुरते. तोही हिशेब करून पाहा. मूळ मजकुराच्या अडीचशे भागांपैकी जेमतेम एक भाग तारेतून आपल्या घरी येतो. उरलेले २४९ भाग कुठून येतात? ते घरी आल्यावर तयार होतात आणि तयार करतो तो आपला संगणक. सेकंदाला २५ वेळा, न चुकता. सगळ्या प्रकरणाचं मूळ इथे आहे.

आमच्या पिढीला हे समजायला अवघड जाऊ नये. पोस्टकार्डावर जागा कमी, म्हणून आपण 'सा. न. वि. वि.' लिहीत असू. लिहिणारा चार अक्षरं लिही आणि वाचणारा मनातल्या मनात 'साष्टांग नमस्कार विनंती विशेष' असं सगळं वाची. शुभेच्छांच्या तारेचं तर याहून पक्कं होतं. खात्याने ठरावीक वाक्यांना क्रमांकच देऊन ठेवले होते. लग्नाला जाता आलं नाही की खिडकीवर जाऊन क्रमांक सांगायचा. तारेतून तो आकडा जाई आणि पलीकडच्या कचेरीत तक्ता पाहून पूर्ण वाक्य कागदावर उतरे. भारतातली तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली, पण ती रीत संगणकात शिल्लक आहे. आवळायच्या आणि उलगडायच्या या तक्त्याला संगणकवाले 'कोडेक' म्हणतात.

यात अटी दोन. दोन्ही टोकांना तक्ता एकच हवा, आणि पलीकडच्या बाबूला तो भराभर वाचता आला पाहिजे. तारेवर जेवढी बचत जास्त, तेवढं पलीकडच्या बाबूचं काम जास्त. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढचा सगळा इतिहास याचाच आहे.

चार पानांचा निबंध

या इतिहासाच्या सुरुवातीला एक आपल्याकडचा माणूस भेटतो याचं मला फार अप्रूप वाटलं. नासिर अहमद यांचा जन्म १९४० साली बंगळूरला झाला. इंजिनिअर तिथेच झाले, डॉक्टरेट अमेरिकेत न्यू मेक्सिको विद्यापीठात केली आणि पुढे कॅन्सस स्टेट विद्यापीठात शिकवू लागले. चित्रातली माहिती आवळण्यासाठी त्यांना गणिताची एक रीत सुचली होती. १९७२ साली त्यांनी अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे तिच्यासाठी अनुदान मागितलं. ते नामंजूर झालं. त्यांनीच पुढे लिहून ठेवलं आहे की एका परीक्षकाला ती कल्पना फारच साधी वाटली होती.

अहमद थांबले नाहीत. त्यांचे विद्यार्थी टी. नटराजन आणि टेक्सासातल्या विद्यापीठातले स्नेही के. आर. राव यांच्याबरोबर त्यांनी ते काम पुरं केलं आणि जानेवारी १९७४ मध्ये चार पानांचा निबंध प्रसिद्ध झाला. त्या रीतीचं नाव 'डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म'. नाव भारदस्त आहे, पण मला समजलं तसं सांगते. चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन पाडायचे. चौकोनातला एकेक ठिपका सांगत बसण्याऐवजी त्या चौकोनाचं वर्णन करायचं. सरासरी रंग असा, डावीकडून उजवीकडे इतका गडद होत जातो, त्यावर अशी बारीक नक्षी आहे. आता आकाश, भिंत, माणसाचा गाल अशा चौकोनांत बारीक नक्षी जवळजवळ नसतेच. जे नाही ते सांगायचं नाही, आणि डोळ्याला कळणार नाही इतकं जे बारीक आहे ते गाळून टाकायचं. ६४ आकड्यांच्या जागी पाच-सात आकड्यांत भागतं.

डिजिटल कॅमेऱ्यातला जेपीजी फोटो आवळला जातो तो याच रीतीने. चित्रफितींतही तीच किंवा तिच्या जवळची भावंडं वापरात आहेत. फारच साधी कल्पना!

चित्रफितीसाठी आणखी एक युक्ती जोडली गेली, हालचालीच्या अंदाजाची. मागच्या चित्रातला अमुक चौकोन पुढच्या चित्रात तीन ठिपके उजवीकडे सरकला, एवढंच सांगायचं. पूर्ण चित्र अधूनमधूनच पाठवायचं आणि मधली सगळी चित्रं 'मागच्यासारखंच, फक्त एवढा फरक' अशी सांगायची. वर्गात एखाद्या मुलाची वही कोरी राहिली की तो शेजाऱ्याची वही बघून लिहितो, तसं प्रत्येक चित्र शेजारच्या चित्राकडे बघून उभं राहतं. म्हणूनच संगणक एकदा मागे पडला की मधली चित्रं उडी मारून सहज सोडून देता येत नाहीत.

व्हीसीडीचे दिवस

१९८८ साली टेलिफोनच्या डिजिटल तारेवरून समोरासमोर बोलता यावं म्हणून एच.२६१ नावाचा तक्ता जगाने मान्य केला. त्याच वर्षी एमपेग नावाची तज्ज्ञांची मंडळी एकत्र आली. त्यांच्या पहिल्या तक्त्यावर १९९३ साली व्हीसीडी निघाली. व्हीसीडी आठवतात ना? चित्र अवघं ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं, एका तबकडीवर ७४ मिनिटं. म्हणून चित्रपटाच्या दोन तबकड्या असत, आणि नाटकाचं मध्यंतर म्हणजे उठून तबकडी बदलणं.

आता गंमत बघा. तेव्हाच्या ४८६ संगणकाला हे एवढंसं चित्रसुद्धा उलगडणं झेपत नसे. बाजारात त्यासाठी वेगळं कार्ड मिळे, ते संगणकात बसवावं लागे. पुढे चिपा वेगवान झाल्या. जानेवारी १९९७ मध्ये इंटेलने पेंटियममध्ये एमएमएक्स नावाच्या आज्ञा घातल्या, त्यामुळे एका फटक्यात अनेक ठिपक्यांचा हिशेब होऊ लागला. हळूहळू त्या कार्डाची गरज संपली. म्हणजे 'चित्र अडखळतं, मशीन जुनं झालं' हे वाक्य तेव्हाही दुकानात ऐकू येत असणार! फक्त तेव्हा ते ४८६ बद्दल होतं.

यातलं कार्ड म्हणजे काय ते शाळेच्या भाषेत सांगते. एकाला पाढे पाठ असतात आणि एकजण बोटं मोजतो. उत्तर दोघांचंही बरोबर येतं, पण वेळात फरक पडतो. चिपमध्ये एखादा तक्ता उलगडण्यासाठी खास कोपरा कोरलेला असला की ते पाढे पाठ असणं. तसा कोपरा नसला की मुख्य चिपला बोटं मोजावी लागतात. एकेका चित्राला मिळतो सेकंदाचा पंचविसावा किंवा साठावा भाग. तेवढ्यात मोजून झालं नाही तर ते चित्र गळतं. अडखळणं म्हणतात ते हेच.

सत्तावीस पट, एकशे आठ पट

२००३ साली एच.२६४ हा तक्ता आला. तो इतका चालला की पुढच्या काही वर्षांत कॅमेरे, फोन, डीटीएच, संगणक सगळीकडे तोच दिसू लागला. २०११ पर्यंत तर साध्यासुध्या चिपांनाही हा पाढा पाठ झाला होता.

याच काळात यूट्यूब आलं. तिथली पहिली चित्रफीत २३ एप्रिल २००५ ची, प्राणिसंग्रहालयातल्या हत्तींसमोरची, १९ सेकंदांची. तेव्हा तिथलं चित्र ३२० बाय २४० ठिपक्यांचं होतं. आपल्याकडे ऑक्टोबर २००४ च्या धोरणाने २५६ केबीपीएसला ब्रॉडबँड म्हणायचं ठरवलं होतं, त्या वेगाला ते साजेसंच होतं. नोव्हेंबर २००९ मध्ये १०८० रेषांचं चित्र आलं, जुलै २०१० मध्ये ४के आलं, २०१४ मध्ये सेकंदाला ६० चित्रं आली.

सवयीने मी गुणाकार करून पाहिला. ३२० गुणिले २४० म्हणजे ७६,८०० ठिपके. फुल एचडी त्याच्या बरोबर २७ पट. आणि ४के, म्हणजे ३८४० बाय २१६०, बरोबर १०८ पट. जपमाळेतले मणी! एका मण्याच्या जागी अख्खी माळ आली, आणि ओढायची त्याच वेळात.

एवढं सगळं जुन्या तक्त्याने पाठवायचं तर तारेचा खर्च कोणालाच परवडेना. शिवाय एच.२६४ अनेक कंपन्यांच्या पेटंटांनी बांधलेलं होतं, त्याचं परवाना-शुल्क असे. म्हणून गूगलने २०१३ साली व्हीपी९ हा तक्ता पुरा केला. तो सगळ्यांना मोफत, आणि तेवढ्याच स्पष्टपणासाठी तृतीयांश ते निम्मा मजकूर कमी. पुढे अनेक कंपन्यांनी मिळून मार्च २०१८ मध्ये एव्ही१ काढला. तोही मोफत आणि त्याहून काटकसरी.

यात वाईट काही नाही. मोफत तक्ता असणं ही चांगलीच गोष्ट आहे. मोजून डेटा वापरणाऱ्या आपल्यासारख्यांचीही यात बचत आहे. पण आपलं ते वाक्य आठवा. तारेवर बचत जास्त, तर पलीकडच्या बाबूचं काम जास्त. पाठवणाऱ्याची बचत कोट्यवधी घरांची मिळून होते. वाढलेलं काम मात्र प्रत्येक घरातल्या टेबलावरच्या यंत्राला एकट्याने करावं लागतं. ज्याची चिप नवी त्याला ते जाणवतही नाही. इंटेलच्या चिपांना व्हीपी९ चा पाढा पाठ झाला तो २०१६-१७ च्या सातव्या पिढीपासून, आणि एव्ही१ चा २०२० च्या अकराव्या पिढीपासून. त्याआधीच्या यंत्रापुढे एकोणतिसाचा पाढा येऊन पडला, आणि ते बिचारं बोटं मोजू लागलं.

थोडक्यात, २०१२ चा संगणक म्हातारा झाला नाही. त्याच्या शाळेतला अभ्यासक्रम बदलला.

आईची चाल

आता ते घरगुती कारण. १९७४ च्या मे महिन्यात आमचा मामा सुट्टीवर आला. तो परदेशात नोकरीला होता आणि येताना सुपर ८ चा कॅमेरा घेऊन आला होता. सुपर ८ ही कोडॅकने १९६५ साली काढलेली घरगुती फिल्म. ५० फुटांचं रीळ, सुमारे ३६०० चौकटी, सेकंदाला १८ या हिशेबाने तीन मिनिटं वीस सेकंद. आवाज नाही. त्यात आमच्या वाईच्या घराचं मागचं दार आहे, विहीर आहे, आंब्यांची पाटी आहे आणि आई आहे. दोन वर्षांनी आई गेली. तिचे फोटो आहेत चार-पाच, पण हलतं चित्र एवढंच.

ते रीळ मामाकडे डब्यात पडून होतं. मामेभावाने गेल्या वर्षी ते तिकडच्या एका स्टुडिओकडून स्कॅन करून घेतलं, जालावर चढवलं आणि आम्हा सगळ्यांना दुवा पाठवला. प्रेमाने केलेलं काम, म्हणून सगळ्यात उंच प्रतीचं केलेलं. ४के, आणि १८ चौकटींच्या सेकंदाला ६० करून घेतलेल्या.

आई गेली तेव्हा आमचं शेंडेफळ, माझी धाकटी बहीण, पाच वर्षांची होती. आईचा चेहरा तिला फोटोंमुळे माहीत आहे. आई चालायची कशी, वळून बघायची कशी, हे तिला आठवत नाही. फोनवर तिने ते पाहिलं होतं, पण फोनवर आई करंगळीएवढी. म्हणून ती मुद्दाम माझ्याकडे आली, मोठ्या पडद्यावर पाहू म्हणाली. लावलं. आई विहिरीकडून कळशी घेऊन येते. एक पाऊल टाकलं आणि थांबली. मग एकदम तीन पावलं पुढे. पुन्हा थांबली. बहीण बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "ताई, आई लंगडायची का गं?"

आई लंगडत नव्हती. ताठ आणि भरभर चालायची, भरल्या कळशीतलं पाणी हिंदकळू न देता. अडखळत होता संगणक. पण जिला आठवणच नाही तिला हे कसं कळावं? तिच्यासाठी पडद्यावर दिसेल ते खरं. इतिहासाच्या माणसाला याची भीती वाटते. साधन सदोष असलं की नुसती माहिती कमी मिळते असं नाही, चुकीची माहिती खरी म्हणून मिळते.

त्याच संध्याकाळी नातवाला फोन लावला आणि आम्ही दोघं कामाला लागलो. काय काय केलं ते क्रमाने सांगते, कोणाला उपयोगी पडेल.

पहिली परीक्षा तारेची. चित्रफीत दोन कारणांनी थांबते. मध्येच चक्र फिरू लागलं आणि आवाजही थांबला, तर माल घरात पोचत नाही, म्हणजे जोडणीचा प्रश्न. आवाज चालू राहून चित्र मागे पडलं, तर माल पोचला आहे आणि उलगडणाऱ्याचे हात पुरत नाहीत. आमची फिल्म मूक, त्यामुळे आवाजाची खूण नव्हती. पण खालची करडी पट्टी बरीच पुढे गेलेली दिसत होती. म्हणजे माल पोचला होता.

दुसरी परीक्षा चौकटींची. "आजी, चित्रावर राइट क्लिक कर, एक पाटी उघडेल," नातू म्हणाला. त्या पाटीत दोन गोष्टी वाचायच्या. गळालेल्या चौकटींचा आकडा आणि कोडेकचं नाव. आमचा आकडा भराभर वाढत होता आणि नाव व्हीपी९ चं होतं. संगणकाच्या टास्क मॅनेजरमध्ये पाहिलं तर चिप शंभर टक्के कामात होती. पाढे पाठ नसल्याची ही खूण.

मग सोपे उपाय. उघडी असलेली बाकीची पानं बंद केली. संगणक बंद करून मागच्या पंख्यातली धूळ मऊ ब्रशने काढली, कारण चिप तापली की ती आपणहून वेग कमी करते. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये 'हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशन' बंद होतं ते चालू केलं. पाढे पाठ असलेल्या कोपऱ्याकडे काम पाठवण्याची परवानगी म्हणजे हे बटण. ग्राफिक्सचं ड्रायव्हर नवं घेतलं. थोडा फरक पडला, पण व्हीपी९ साठी आमच्या चिपमध्ये तसा कोपराच नव्हता, तिथे परवानगी देऊन काय होणार?

चौथा उपाय, ४के सोडून १०८० वर येणं. ठिपके एकदम चौथाईवर आले. तरी चालता चालता आई अडखळतच होती. आणखी खाली उतरलं असतं तर चाल सुधारली असती, पण चेहरा पुसट झाला असता, आणि बहिणीला दोन्ही हवं होतं.

पाचवा उपाय लागू पडला. बहुतेक मोठी संकेतस्थळं एकच चित्रफीत दोन-तीन तक्त्यांत तयार ठेवतात आणि ब्राउझर ज्याला हो म्हणेल तो पाठवतात. ब्राउझरला जोडायची एक छोटी पुरवणी मिळते, एच२६४इफाय नावाची. ती संकेतस्थळाला सांगते की आमच्याकडे व्हीपी९ येत नाही, एच.२६४ द्या. यूट्यूबवर हा जुना तक्ता १०८० पर्यंतच मिळतो, त्यावर नाही. आम्हाला तेवढा पुरेसा होता. पुरवणी घातली, पान पुन्हा उघडलं. पाटीवर कोडेकचं नाव बदललं, गळालेल्या चौकटींचा आकडा जागच्या जागी थांबला आणि चिपचं काम पावावर आलं.

आई विहिरीकडून कळशी घेऊन आली. दारापर्यंत. मामाकडे बघून हसली आणि पदर सारखा करून आत गेली. बहिणीने ते तीनदा पाहिलं. मग उठून स्वयंपाकघरात गेली, चहा टाकते म्हणाली.

जुनं म्हणजे काय?

४के सोडलं म्हणून काही गमावलं का, असं मामेभावाने विचारलं. त्यालाही मी हिशेब लिहून पाठवला. सुपर ८ ची चौकट जेमतेम सहा मिलिमीटर रुंद. तिच्यात जितका तपशील असतो तो १०८० मध्ये बहुतेक सगळा येतो. त्याहून मोठं केलं की दिसतात ते फिल्मचे रवे. आणि हे रवे म्हणजे आवळणाऱ्याचे शत्रू, कारण दर चौकटीत ते नव्याने विखुरलेले असतात. 'मागच्यासारखंच' हे वाक्य त्यांना लागूच पडत नाही. एव्ही१ मध्ये तर यावर खास तोड काढली आहे. पाठवताना रवे गाळायचे आणि आपल्याकडे आल्यावर तसेच दिसणारे रवे नव्याने शिंपडायचे. हे वाचून मी थक्कच झाले. मूळ स्कॅन मात्र त्याने जपून ठेवावा असं त्याला बजावलं आहे. तक्ते बदलतच राहणार. मूळ प्रत असली तर पुढच्या तक्त्यात पुन्हा उतरवता येईल.

राहता राहिला प्रश्न संगणक बदलण्याचा. तो कधीतरी बदलावा लागेलच. विंडोज १० ची नेहमीची मोफत मदत मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवली, आणि विंडोज ११ ला इंटेलची चिप आठव्या पिढीची किंवा पुढची हवी असते. सुरक्षेसाठी यंत्र बदलावं लागणं हे मला समजतं. पण 'चित्र अडखळतं म्हणून फेका' हे मला पटत नाही. त्या यंत्राला काय येतं आणि आपण त्याला काय विचारतो आहोत, हे आधी पाहायला नको का? छत्तीस वर्षं शिकवताना असे कितीतरी विद्यार्थी पाहिले. एका मास्तरांच्या रीतीने विचारलं की गप्प, आणि तेच दुसऱ्या रीतीने विचारलं की घडाघडा उत्तर. त्यांना 'ढ' म्हणून मागच्या बाकावर बसवणारे होते, तसे प्रश्न बदलून बघणारेही होते.

घरच्या मंडळींना एक विनंती आहे. लग्नामुंजीची, नातवंडांची, जुन्या रिळांची चित्रफीत चढवाल तेव्हा हौसेने सगळ्यात मोठी चढवा, पण ज्यांना पाठवता त्यांच्याकडे कोणतं यंत्र आहे तेही एकदा विचारा. आपल्या घरातली सगळ्यात जुनी माणसं बहुधा सगळ्यात जुन्या यंत्रासमोर बसलेली असतात, आणि त्या चित्रांतली माणसं ओळखणारीही बहुधा तीच असतात. १०८० ची एक साधी प्रत पेनड्राइव्हवर दिलीत तर फार बरं.

असो. पुष्कळ लांबलं. पंखा साफ करताना आधी वीज बंद करा, नाहीतर पुढचा लेख त्यावर लिहावा लागेल!